आमच्या गाडीच्या दोन दांड्या

...आणि वर आमचे हे मलाच म्हणतात, "तू सारखी दारात उभी राहायचीस, म्हणून इंजिनाला नजर लागली!" माझी नजर? अहो, माझी नजर नसती ना, तर ते इंजिन आज कुदळवाडीच्या भंगारात किलोवर गेलं असतं!

तुम्हाला सांगते, मी सातवी शिकलेली बाई, मला गाडीतलं काय कळणार? आणि आमचे हे म्हणजे नऊ वर्षं चाकणला, कंपनीत, इंजिनाच्या लाईनवर! दिवसाला तीनशे इंजिनं हातून जातात. लग्न ठरवताना मामा म्हणाले होते, "मुलगा इंजिनं बनवतो." मला वाटलं, केवढा मोठा माणूस! लग्न झाल्यावर कळलं, इंजिनाच्या खाली तेलाचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात, त्याचे हे चौदा बोल्ट आवळतात. चौदा! पंधरावा शेजारच्याचा. आणि तेही नुसतं आवळायचं. सोडायची वेळ नऊ वर्षांत एकदाही आली नाही. आमच्या यांना लावता येतं हो, काढता येत नाही!

आता गाडी कशासाठी घेतली, ते ऐका. आमच्या साक्षीला ताप डोक्यात गेला की झटका येतो. आठ महिन्यांची होती तेव्हा पहिल्यांदा आला. हातपाय थरथरले, डोळे वर... नको ती आठवण. मी अनवाणी रस्त्यावर, पोरगी खांद्यावर, आणि आमच्या चिखली गावात त्या दिवशी एक रिक्षावाला थांबेल तर शपथ! डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, मोठी झाली की थांबेल, पण झटका आला की वेळ न घालवता आणायचं." त्याच महिन्यात यांनी जुनी गाडी घेतली. जन्मात तेवढं एक शहाणपणाचं काम केलं. दारात गाडी उभी दिसली की मला झोप लागायची. साधी गाडी, मऊ चालायची, पोरगी मांडीवर हलायची नाही.

पण सुख बघवतंय का? कंपनीबाहेरच्या टपरीवर कुणीतरी यांच्या कानाला लागला, "भावा, तुझ्या इंजिनाच्या पोटात दोन दांड्या आहेत, बॅलन्स शाफ्ट. नुसत्या गरगर फिरतात, फुकटची ताकद खातात. काढून टाक, गाडी पाखरासारखी पळेल! आणि चेंबर मोठं टाक, तेल जास्त मावतं." मी म्हटलं, "अहो, कंपनीनं घातल्यात त्या उगाच घातल्या असतील का?" तर म्हणे, "तुला काय कळतं? कंपनीसुद्धा माणसंच चालवतात." म्हटलं, तीच तर भीती आहे, मी त्यातलं एक माणूस रोज बघते!

झालं. गाडी पार्किंगमध्ये विटांवर चढली. जुनं तेल काढायला भांडं पाहिजे, तर माझ्या पोरीचा आंघोळीचा टब! गुलाबी टब, त्यावर बदकं! मी वरनं ओरडतेय तोवर बदकं काळी. आणि मग हे गाडीखाली शिरले ते दोन तास बाहेर येईनात. मी वाकून बघते, तर माणूस पान्याला लटकलाय आणि बोल्ट आवळतोय! म्हटलं, "अहो, उलटा फिरवा!" तर आतनं आवाज, "सवय आहे गं हाताला!" सांगितलं ना, लावता येतं, काढता येत नाही!

चेंबर कसंबसं उतरलं. पुढं काय? पुढचं यांना माहीतच नाही! कारण पुढचं यांचं स्टेशन नाही. लाईनवर ज्याचं जे ठरलेलं काम, ते त्याचं स्टेशन! मग बोलावला यांच्याच लाईनवरचा सुजित. तो त्या दांड्या फिरवणारी साखळी बसवतो. फक्त साखळी. दांड्यांचा डबा बसवतो नागसेन. फक्त डबा. सुजित पहिल्या शिफ्टला, तो येणार चार वाजता. नागसेन दुसऱ्या शिफ्टला, तो सकाळी येऊन दोनला पळणार. आमचे हे त्या आठवड्यात जनरल शिफ्टला, सकाळी जाऊन सहाला येणार, म्हणजे दोघंही येतात तेव्हा हे नाहीत! सहा दिवस तीन माणसं एका इंजिनावर कामाला, आणि एकमेकांची तोंडं बघितली नाहीत!

मग निरोप कुणी द्यायचे? मी! "वहिनी, नागसेनला सांगा, साखळी ढिली करून ठेवलीय, दात मोडू नको." "वहिनी, सुजितला म्हणावं, डब्याचे आठ बोल्ट काढलेत, लहान पुढचे, लांब मागचे." एवढं डोक्यात राहतंय होय? साक्षीच्या तापाची वही असते माझी. डाव्या पानावर ताप, तर उजव्या पानावर बोल्ट. खालच्या सोपानरावांची बायको विचारते, "काय गं, कोर्स करतेस का?" आणि घरमालकीण अंबूबाई जिन्यातनं जाता-येता म्हणायची, "नवऱ्याला सोडून बाकी दोघंच राबत्यात की गं!" मेली, पार्किंगमध्ये तेल सांडलं म्हणून तिच्या पोटात दुखतंय, आणि जीभ बघा कुठं चालते!

आणि मी आपली दिवसातनं दहा वेळा पोरीच्या कपाळाला हात लावते. गाडीचं पोट फाडलेलं. आत्ता ताप आला तर? यांना म्हटलं, तर म्हणतात, "शुभ बोल." अहो, शुभ बोलून ताप थांबत असता तर थर्मामीटर कशाला विकले असते?

शेवटी गुरुवार आला, कंपनीची सुट्टी. तिघंही पहिल्यांदा एकत्र. तीन नवरदेव आल्यासारखा थाट! दांड्या काढून बाजूला मांडलेल्या, माझ्या उशीच्या अभ्र्यावर. नवं मोठं चेंबर चढवायला घेतलं. हे खुशीत, कारण आता लावायचं होतं ना! मी चहा घेऊन खाली गेले, वही काखेत. सहज वाचलं आणि सुजितला विचारलं, "भाऊजी, त्या दांड्यांना वरच्या एका भोकातनं तेल यायचं, नागसेनभाऊजींनीच लिहायला सांगितलेलं. दांड्या गेल्या, भोक तसंच उघडं. आता ते तेल कुठं जाणार?"

सुजित नागसेनकडं बघतो. नागसेन म्हणतो, "माझं स्टेशन डब्याचं. भोक आधीच असतं." सुजित म्हणतो, "माझा संबंध साखळीशी." आमचे हे म्हणतात, "कंपनीत हे भोक बुजवायचं स्टेशनच नाही!" अहो, कंपनीत नसणारच, कारण कंपनी दांड्या काढत नाही! म्हटलं, "घरातली शेगडी काढली तर गॅसच्या पाइपाला बूच लावतो का नाही? की पाइप तसाच सोडून काडी ओढतो?" नागसेन हळूच म्हणाला, "वहिनींचं बरोबर आहे राव. तेल सगळं तिथनंच गळलं असतं, वर दाबच नाही. इंजिन दोन दिवसांत जाम." मग त्या भोकात बसेल असा आट्यांचा बोल्ट शोधला, भोक बुजवलं. आणि मला कुणी काय म्हणावं? सुजित म्हणतो, "वहिनी, चहात साखर कमी आहे."

गाडी चालू झाली हो! झाली! आणि चालू झाल्याबरोबर थरथरायला लागली. आरसा, काचा, सीट, आरशाला बांधलेली लिंबू-मिरची, सगळं! ह्यांना म्हटलं, "हे काय?" तर म्हणाले, "ताकद आहे ती!" त्या दांड्या फुकट खात नव्हत्या बाई, हे थरथरणं खात होत्या. आणि नवं चेंबर चार बोटं खाली लोंबतंय, गतिरोधक आला की घासतंय. आता परत घाला म्हटलं, तर नागसेन म्हणतो, "वहिनी, जुनं चेंबर नि दांड्या सनी भंगारात घेऊन गेला." कोण सनी? मला माहीत नाही! त्याचं स्टेशन असेल!

आणि नेमका शनिवारी संध्याकाळी, हे कामावरनं आले तोच, साक्षीला ताप. एकशे दोन. निघालो निगडीच्या दवाखान्यात. चौकातनं वळलो आणि पोरीचे हात थरथरायला लागले. "अहो, झटका आला! झटका!" बघते तर माझे पण हात थरथरतायत. यांचे गालसुद्धा! किंचाळले, "बंद करा गाडी!" बंद केली. सगळं शांत. पोरगी टकाटका बघतेय माझ्याकडं. परत चालू केली, परत थरथर. आता मी आई, मला झटका कळायला पाहिजे. पण त्या गाडीत पोरीला आलाय का गाडीला, हे देवाला तरी कळेल का?

मग तिथनं पुढं गतिरोधक आला की हे म्हणायचे, "उतर, वजन कमी कर, चेंबर घासतंय." मी पोरीला घेऊन उतरायची, चालत ओलांडायची, तेवढ्यात तिचे हात निरखून घ्यायची, परत बसायची. अकरा गतिरोधक आहेत हो मधे! अकरा! अकराव्यावर गाडी अडकली ती अडकलीच. हे रस्त्यावर आडवे पडून खाली डोकावले, मागनं हॉर्न, आणि खालनं आवाज, "अगं, जरा वही देतेस का?"

मी मागं वळून बघितलं नाही. पदरात पोरगी घेतली आणि तरातरा चालत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, म्हणाले, "झटका नाही, ताप उतरेल. वेळेत आणलंत. स्वतःची गाडी असली की बरं असतं बघा."

म्हटलं, "हो ना डॉक्टर. येईलच आता मागनं."