बाबांचं नाक आणि आमटीची फोडणी

बाबांनी बजावलंय, मैत्रिणींना सांगू नकोस. पण तू ऐक. दोन वर्षं बाबांना कसलाच वास येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात. शत्रू नसतानाही त्या लढत बसतात, म्हणून दमा आणि नाकात सूज. दम्याचं आईला माहीत होतं, वासाचं बाबांनी लपवलं. फोडणी दिली की ती हौसेने विचारायची, "अहो, वास कसा येतोय?" मी तिच्या पाठीमागून मान डोलवायचे, मग बाबा म्हणायचे, "वा, खमंग!"

आता त्यांना नवीन इंजेक्शनं सुरू आहेत. काल आईने आमटीला फोडणी दिली आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "अगं, हिंग जास्त झालाय."

मला वाटलं, आता आई चिडणार. तिने गॅस बंद केला. "आला एकदाचा वास! दोन वर्षं या पोरीची मान खिडकीच्या काचेत बघतेय मी."

"मग रोज विचारायचीस कशाला?" मी म्हटलं.

"एक दिवस खरंच येईल म्हणून."

बाबा पातेल्यावर वाकून इतका वेळ वास घेत राहिले, की शेवटी आईने त्यांच्या नाकासमोरच पातेल्यावर झाकण ठेवलं... हो आई, आले!