काकूचं बोट

आमच्या काकांच्या फोनचं ऐकलंत का? मी कॉलेज सोडलं म्हणजे मला अक्कल नाही, हे त्यांचं ठाम मत. मी फोन चाळू नये म्हणून त्यांनी चेहरा, आवाज आणि बोट, तिन्ही जुळल्याशिवाय उघडणार नाही असं कुलूप घातलं. पण मंडी मोहल्ल्यातल्या आपल्या दुकानात जन्मभर साड्या रंगवून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. फोन त्यांचं बोट घेईना, म्हणून या शहाण्यांनी काकूचं बोट नोंदवलं. आणि आठवड्याभरात भांडून तिलाच नंजनगूडला, माहेरी घालवलं!

परवा लग्नाच्या साड्या रंगवायला एक बाई दुकानात येऊन बसल्या. रंगांचे नमुने सगळे फोनमध्ये. काका चेहरा दाखवतायत, ओरडतायत, फोन ढिम्म. शेवटी काकांनी माझ्या फोनवरून काकूला फोन लावला. "अय्यो, लगेच ये गं!"

स्पीकरवर काकू म्हणाली, "बायको पाहिजे की बोट?"

मी खुणा करतोय, बायको म्हणा, बायको! काका म्हणाले, "आधी बोट. गिऱ्हाईक बसलंय."

काकूनं फोन ठेवला. त्या बाई पिशवी उचलत उठल्या. "मग मीही आधी दुसरं दुकान बघते."