साहेबांच्या भुवयांतली बाजरी

चुनाच तो, बाईसाहेब, दुसरं काय असणार — टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारतात ना, आमचे हेच मारतात, कंपनीच्या क्लबात तेच काम त्यांना, रूळ फिरवायचा, जाळी बांधायची, रेघा मारायच्या — तर वारा सुटला की तो चुना उडतो आणि तुमच्या साहेबांच्या भुवयांत जाऊन बसतो. या ना आत, उंबऱ्यात का उभ्या? हळू बोलते हं, पोरीला आत्ताच डोळा लागलाय. — काय? चाखून पाहिलात? अगंबाई! नवऱ्याच्या भुवईवरचा? आणि बाजरी लागली? लागेल हो, चुन्यात हल्ली काय काय मिसळतात, कोण बघतंय!

ती घरघर होय? आमच्या सासूबाई दळतायत परसात. भारी उरक त्यांना.

आणि खरं म्हणजे तुम्ही खूश व्हायला हवं. साहेबांचं पोट बघा कुठं गेलं! रविवारी देहूरोडच्या मिलिटरीवाल्यांशी सामना — गेल्या साली साहेब खेळता खेळता असे धापा टाकायला लागले, की त्या लोकांनीच खुर्ची आणून दिली — तुम्ही होतात ना समोर? मग! म्हणून तर साहेबांनी यांना वस्ताद केलं. हे कासारवाडीच्या तालमीतले, टेनिसचं यांना काय कळतंय, पण दम तो दमच. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या — क्लबात नको, बाकीचे साहेब हसतात, म्हणून आमच्या परसात. पण यांना तर उजाडायच्या आत मैदानावर पाणी मारायला जावं लागतं, मग मला बजावून जातात, साहेबांकडून एवढं एवढं करून घे. मी सातवी पास आहे, नाही असं नाही, पण पुस्तकात बैठका कुठं होत्या! त्यातून ही पोर — दात येतायत, अंग सारखं कढत, खाली ठेवली की किंचाळते, माझा तर जीव थाऱ्यावर नसतो. घरात पीठ नाही, गिरणी पार रुळांपलीकडे, हिला घेऊन उन्हात कशी जाऊ? सासूबाई इथं असत्या तर प्रश्न नव्हता, पण त्या नणंदेच्या बाळंतपणाला तळेगावला —

म्हणजे — आल्या परत. मग परत गेल्या.

अशा बघू नका हो. सांगते. साहेब समोर उभे, घामानं निथळलेले, विचारतात, आता पुढं काय? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — मनगट! वस्तादांनी सांगितलंय, आजपासून मनगट! आणि जात्याकडं बोट दाखवलं. बसले की बिचारे मांडी घालून! एकटी नसते हं मी, आधीच सांगते, शेजारच्या गोजाबाई समोर बसलेल्या असतात — त्याही काही रिकाम्या येत नाहीत, आपल्या ज्वारीची पाटी घेऊन येतात. डाव्या हातानंही फिरवा, असं त्यांनीच सांगितलं साहेबांना, म्हणजे दोन्ही अंगांनी फटका बसेल. — तळहाताचे फोड? तूप-हळद लावते ना मी! पण ताकद आली बरं का, हे सांगत होते, साहेबांचा चेंडू आता थेट कुंपणापलीकडं जातो. हे कपाळाला हात लावून सांगत होते, ते का कोण जाणे.

यांना मात्र यातलं काही ठाऊक नाही, बाईसाहेब. तुम्ही क्लबात एक शब्द बोललात तर यांची नोकरी जाईल, आणि ही खोली कंपनीची — या तापलेल्या पोरीला घेऊन मी कुठं जाऊ? पीठ तर झालं हो मागेच, चार घरं खातील एवढं झालंय. पण जातं फिरायला लागलं की ही झोपते. त्या घरघरीवरच झोपते, अंग निवतं, मूठ सोडते — बघा, सोडली की नाही? ती झोपली की मला घास जातो. म्हणून साहेबांना म्हटलं, रविवारपर्यंत मनगट सोडू नका —

अहो, हाक नका मारू! नका —

...थांबलं.

ऐकलं साहेबांनी. आणि ही घ्या, उघडले डोळे, आता ओठ काढेल — काढला. बाईसाहेब, भांडण मागाहून. आधी एक करा. हिला घ्या, नाहीतर जात्यावर बसा.