दाराबाहेरच्या चपला

जैनाबादहून बुधवाऱ्याकडे निघालेल्या रिक्षात तिथल्या डॉक्टर पाचपांडेंच्या दवाखान्यातला कंपाउंडर योगेश बसला होता. समोर मथुराबाई आणि तिची भाची मोनाली बोलत होत्या.

"मावशी, काकांना साप चावला तेव्हा पाचपांडेंकडे का नाही नेलं?"

"त्यांच्या दारावरूनच गेलो. पण आपल्या नीलेशच्या मोबाईलात, नकाशात आलं, दवाखाना कायमचा बंद."

"ते कोणीतरी मुद्दाम खोटं टाकलेलं, मावशी."

"खाली नंबर होता, त्याच्यावर फोन लावला. तो माणूस बोलला, डॉक्टर गाव सोडून गेले, आमच्याकडे आणा. तिथं पोचायच्या आतच हे गेले."

"उतरून पाहायचं तरी."

"दाराबाहेर चपला दिसल्या होत्या मला."

"मग बोलली का नाहीस?"

"पोरगा शिकलेला. वाटलं, त्याला ठाऊक असेल."

"आता डॉक्टरकडे जाऊन काय करणार?"

"एवढंच विचारते, त्या दिवशी उघडं होतं का."

बुधवारा आला. त्या दोघी उतरून दवाखान्याकडे निघाल्या. योगेश उतरला नाही.