टाकीपर्यंतचा चढ

हॅलो?… हां ताई, बोल… नाही गं, झोपले नव्हते, मशीनवर होते. शाळेचे युनिफॉर्म आलेत, बाह्या आखूड करायच्यात… हो, सगळ्याच.

सायकल? अजून आली नाही. म्हणजे… अगं ऐक ना, सांगते.

हो, सकाळी गेले होते दुकानात. चालत. उतरायला काय, गुडघे कुरकुरतात तेवढंच. वर यायचं म्हणजे… तेच ना. या चढापायी गिऱ्हाइकं वर यायची थांबली आणि मी खाली जायची थांबले.

दोन दाखवल्या त्याने. एक हलकी, मोटर मागच्या चाकात… हो, दिसायला तीच छान. पण म्हणाला, सपाटीला ठीक, आपल्या चढाला दमेल. दुसरीची मोटर पायडलपाशी. आपण पाय मारू तसा ती जोर लावते… नाही नाही, स्कूटर नाही, इलेक्ट्रिक असली तरी सायकलच… वजन? पंचवीस किलो… उचलायची कशाला, जिन्याखाली राहील. बॅटरी तेवढी काढून वर आणायची चार्जिंगला. आईच्या औषधांच्या टेबलामागे प्लग आहे, तिथे… हो, टेबल अजून तिथेच आहे… माहीत आहे, ती जाऊन चार महिने झाले. हलवीन.

हं… हं… ऐकलं. मागच्या रविवारीही म्हणालीस. तुझ्याकडे खोली रिकामी आहे… ताई, आधी माझं ऐकून घे, मग रागव.

त्याने विचारलं, मागे सीट लावू का. मी पटकन हो म्हणाले. तर म्हणतो, कोण बसणार?… म्हटलं, राहू दे, कॅरिअर लाव, कपड्यांची पिशवी ठेवायला… हसू नकोस. बरं, हस.

मग ट्रायल. म्हणाला, दवाखान्यापर्यंत जाऊन या. आठवतो ना तो चढ?… हां, स्टँडवरून आईची व्हीलचेअर ढकलत आणताना आपण दोघी अर्ध्यावर बसलो होतो, तोच. कधी वर पोचले कळलंच नाही. धाप नाही, काही नाही. तिथून वळायचं, तर वळलेच नाही. आपल्या घरावरून पुढे… पार पाण्याच्या टाकीपर्यंत… अगं, एकटीच. अकरा वर्षांनी. आई अंथरुणाला खिळल्यापासून तासाभराच्या वर मी घराबाहेर राहिलेच नव्हते, तुला ठाऊक आहे.

सगळं गाव दिसतं गं तिथून. आपलं छप्परसुद्धा… हो, वारा होता. बसले जरा. आणि…

काही नाही.

सांगते ना. मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. सवयीने. उशीर होईल, काळजी करू नकोस, एवढंच सांगायला… हो, हाच, घरचा… वाजत राहिला. तीन-चार वेळा वाजल्यावर लक्षात आलं… नाही, ठेवला नाही. वाजू दिला. आपोआप बंद होईपर्यंत.

ताई… ताई, रडू नकोस. मी नाही रडले. सायकल परत द्यायची होती ना. दुकानवाला बिचारा रस्त्यावर येऊन उभा, त्याला वाटलं बाई गाडी घेऊन पसार झाली.

हो, तीच सांगितली. जड. उद्या अकराला आणून देणार आहे… नाही ताई, राहायला नाही येत. चार दिवस येईन. तिथे तुला सगळे ओळखतात, मला कोण? इथे निदान शिवलेले कपडे घेऊन घरोघर जाईन, एखादी म्हणेल, बस जरा… म्हणेलच असं नाही. पण जाईन तरी.

कोण आलं?… बरं, उघड दार, खोळंबतील ते… नाही, मला कसलीच घाई नाही. तू जा…

अगं, एक मिनिट. उद्या अकराला घरी आहेस तू?… काम असं काही नाही. गाडी आली की आली म्हणून सांगीन… हो, तेवढंच… उचलशील ना?

… बरं. ठेवते.