लिनक्सची काळी स्क्रीन

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या बाईंना शेजारच्या आजोबांचा फोन ऐकू येत होता. स्पीकरवर त्यांची मुलगी होती; आजोबांच्या मांडीवर कॉम्प्युटर नव्हता, नुसती छत्री.

"बाबा, लिनक्सवर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर परत टाकलात?"

"टाकला. स्क्रीन काळी ती काळीच."

"रीस्टार्ट करा."

आजोबांनी छत्री सरळ केली. "केलं."

हसू आवरायला बाईंनी दुखरा गाल आणखी घट्ट दाबला.

"आता?"

"जरा उजळलीये. जेवलीस का?"

"जेवले. काय दिसतंय?"

"अक्षरं येताहेत. सर्दी झालीये का तुला?"

"आजोबा, आत या," नर्सने हाक मारली.

"बाबा, कोण बोललं?"

"कॉम्प्युटर. तुझ्या ड्रायव्हरने आवाजही आला बघ."

"ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने आवाज येत नसतो, बाबा."

मग पलीकडून हसू आलं.

"उद्याही बिघडेल का हो?"

"तुला सवड कधी आहे ते सांग."