गोगलगायीचं बाळंतपण

फोटोच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या.

"दादा, या फोटोतली अंडी कुठे गेली?"

"कसली अंडी, मॅडम? गोगलगायीखाली पांढरे डाग होते, ते पुसले मी."

"अहो, तीच तिची अंडी! स्पर्धाच मुळी बिनकण्याच्या प्राण्यांच्या प्रजननाच्या फोटोंची आहे, आणि आज शेवटचा दिवस!"

"अरे देवा! लग्नाच्या फोटोंची सवय हो, हात आपोआप चालतो."

"आणि ही एवढी बारीक कशी दिसतेय?"

"पोट जरा सुटलेलं वाटलं, म्हणून आत घेतलं."

"दादा, बाळंतीण आहे ती!"

"मग तिलाच दाखवा की फोटो. तिला नाही आवडला, तर सगळे डाग परत घालून देतो."